कान सापडला की गूळ

आमच्या वेळी मूल शाळेच्या वयाचं झालं की नाही, हे त्याचा कान सांगायचा. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरता आला की पोर शाळेचं. नाही आला की घरी. जन्माचा कागद कुणाकडे असायचा? माझा मुलगा माझ्या माहेरी, पिंपळगाव राजाला जन्मला. तिथल्या भटजींनी केलेल्या पत्रिकेत तिथी होती, नक्षत्र होतं, गण होता, पण पत्रिकेवर हळदीचं पाणी सांडून नेमकं सालच पुसलं गेलं होतं. पाणी माझ्याच हातून सांडलं होतं. मी लहानपणापासूनच अशी हुशार.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमचं बिऱ्हाड बुलढाण्याला. हे कचेरीत नकलनवीस. दिवसभर लोकांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे. घरात सासूबाई, हे, मी आणि साडेचार वर्षांचा मुलगा. पुण्याकडच्या एका बाईंनी गावात नुकताच बालवर्ग काढला होता. सकाळी तीन तास, मोजकी मुलं, आणि वय पाच पुरं.

ते तीन तास मला हवे होते. मुलासाठी नव्हे, माझ्यासाठी. माहेरी मी चौथीपर्यंत शिकले होते. आता मराठी सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची आणि मास्तरीण व्हायचं, असं मनात घेतलं होतं. भूगोलाचं पुस्तक पिठाच्या डब्यामागे दडवलेलं असे. ते काढून उघडलं की मुलगा पाठीवर चढायचा, कानात ओरडायचा, आणि भारताच्या नकाशावर पालथा पडायचा. तो बालवर्गात बसला तरच मी अभ्यासाला बसणार. माझं सगळं त्या एका कानावर अडलं होतं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "माझी ना नाही. आईला विचार." त्यांची कधीच कशाला ना नसे, आणि हो तर त्याहून नसे. अर्ज मात्र झोकात लिहून दिला. 'सदर बालक हे अर्जदाराच्या कब्जात असून...' कब्जात! त्या बालकाने माझ्या पाठीवर कब्जा केला होता, तो कुणाच्या कागदात नव्हता.

सासूबाईंना विचारलं. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढ्याशा लेकराले शायेत धाडते? काऊन वं? घरात जड झालं का ते तुले?"

"शिकेल ना, आत्याबाई."

"काय शिकन? बसाले शिकन? बसते तं ते इथंबी."

इथं तो कधीच बसत नसे, पण हे बोलायची माझी छाती नव्हती. मी आपलं ठरवलं, आधी कान हाती येऊ दे, मग पाहू.

कान काही येईना. कारण मधे केस होते. दोन वर्षांचा असताना मुलाला मोठा ताप आला, तेव्हा सासूबाईंनी नवस केला होता, जावळ काढीन तर कुलदेवीच्या पायाशीच. तो फेडायला यंदाच्या चैत्रात जायचं ठरलं आणि भाऊबंदांत सुतक आलं. म्हणजे पुढच्या चैत्रापर्यंत केसांना कात्री नाही. केसही असे दाट की विचारू नका. सासूबाई रोज त्यांचा टाळूवर अंबाडा घालायच्या, अगदी हाताच्या वाटेत. हात बिचारा तो डोंगर चढायचा आणि बोटं कानाच्या वर बोटभर अंतरावर येऊन थांबायची.

मग माझी अक्कल चालू लागली. ओढल्याने हात लांब होतो, हे शास्त्र मी कुठून काढलं देव जाणे. रोज सकाळी तिळाचं तेल लावून त्याचा उजवा हात ओढायची. मग मागल्या दाराच्या आडव्या दांडीला त्याला लटकवायची. "धर घट्ट, दहा म्हणेपर्यंत सोडू नको." त्याला दहा येत नव्हते. तो चारानंतर पुन्हा एक म्हणायचा आणि लटकतच राहायचा. त्यानंतर कान. बोट कानाजवळ पोचलं की गुळाचा खडा. महिन्याभरात गुळाची ढेप निम्मी झाली. हात होता तेवढाच राहिला. एक उजवाच ओढल्यामुळे पोर एका अंगाला कललंय, असं मात्र मला रात्रंदिवस वाटायला लागलं, म्हणून आठवडाभर डावाही ओढला.

बालवर्गात नाव घालायच्या दिवशी मी पहाटेच त्याचे केस तेलाने चोपून, टाळूवरचा अंबाडा मोडून, मानेशी दोन घट्ट वेण्या घातल्या. आता वाट सपाट झाली. सासूबाईंनी वेण्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि लुगडं बदलून पुढे निघाल्या. "नव्या उंबऱ्यावर पोट्ट्याले एकलं नेऊ नोको. मी येतो."

बालवर्गाच्या बाई पांढऱ्या पातळातल्या, सडसडीत, चष्म्यातून पाहणाऱ्या. अर्ज वाचता वाचता कब्जापाशी त्या जरा अडखळल्या. मग वेण्यांकडे पाहून म्हणाल्या, "छान आहे हो मुलगी."

"पोरगी?" सासूबाई म्हणाल्या. "चष्मा पुसा बाई. नातू हाय माहा."

बाईंनी मुलाला जवळ घेतलं. "बाळ, डोक्यावरून हात ने पाहू. कान धर."

माझ्या पोराने उजवा हात उचललाच नाही. डावा पुढे केला. "आधी गूळ."

"कसला गूळ?"

"कान सापडला की आई गूळ देते. दाराले लटकलं की देते. तुम्ही काय देता?"

तिथे जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. बाईंनी चष्मा काढला. "पाच पुरी झालीत का याला?"

मी म्हणाले, "पत्रिकेवर हळद सांडली."

हे माझं उत्तर! मास्तरीण व्हायला निघालेल्या बाईचं!

"पुढच्या वर्षी आणा," बाई म्हणाल्या. "आणि तोवर हे केस काढून टाका. स्वच्छतेच्या दृष्टीने बरं."

एवढं म्हणायला नको होतं. आतापर्यंत माझी फजिती मजेत पाहणाऱ्या सासूबाई एकदम ताठ झाल्या.

"केस कवा काढाचे ते देवीनं सांगतलं हाय. तुमी शायेचं पाहा. कान सापडला तं घेतो, असं तुमचंच म्हननं ना? मंग पोट्ट्यानं हात नेलाच नाही तं तुमी पाह्यलं काय?"

असं म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठीत गुळाचा खडा होता. म्हणजे ढेप एकट्या माझ्याने निम्मी झाली नव्हती. माझ्या पाठीमागे याही पोराकडून कान धरवून घेत होत्या! शाळेत जायचंच नाही म्हणायचं, पण गेलाच तर आपला नातू हरायचा नाही.

त्यांनी पोराच्या टाळूवर तळहात ठेवला आणि पापड लाटताना दाबावं तसे केस दाबले. "धर बे."

त्यांच्या तळहाताच्या कडेने त्याचा हात घसरत गेला आणि मधल्या बोटाचं टोक कानाच्या वरच्या कडेला लागलं. धरला म्हणता येणार नाही. शिवला.

"आजी, हात काढा तुमचा," बाई म्हणाल्या.

"काढतो. तुमी नाव लिवा, मंग काढतो."

बाई काही लिहिनात. सासूबाई काही हात काढीनात. पोर तसंच वाकडं उभं राहून डाव्या हाताने गूळ खात होतं. बाहेर दुसऱ्या आया खोळंबल्या होत्या. शेवटी बाईंनी सुस्कारा टाकून टाक उचलला. "महिनाभर बसवून पाहू. रडला तर परत नेईन म्हणा."

"रडत नाही तो. रडवते," सासूबाई म्हणाल्या. बाईंना ते पुढे चांगलंच कळलं.

परतताना घराच्या पायरीशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वाचाचं तं उजेडात बसून वाच. डब्यामांगं पुस्तकाले कसर लागून राह्यली."

मी त्यांच्या पाया पडले. घाई केली. थोडं थांबायला हवं होतं.

कारण पहिल्याच सकाळी, पोर बालवर्गात, घर शांत, मी ओसरीवर पुस्तक उघडलं आणि समोर सासूबाई सूप घेऊन बसल्या. "मोठ्यानं वाच. मलेबी आयकू दे." मी वाचलं, तापी नदी सातपुड्यात उगम पावते. "कोनी पाह्यलं?" गोदावरी पूर्वेला वाहते. "काऊन?" ज्वारीला काळी जमीन मानवते. "हे पुस्तकात लिवाले पाह्यजे का? माह्या बापाले इचाराचं." पोर परत आलं तेव्हा माझं दीड पान झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तेच दीड पान पुन्हा वाचायला लावलं, कारण त्यांना रात्री नवे प्रश्न सुचले होते.

वर्षभर हे चाललं. परीक्षेत मला भूगोलात इतके चांगले गुण पडले की कुणाला खरं वाटेना. गणितात नापास झाले. गणित मोठ्याने वाचता येत नाही ना.