मैदानाकडे पाठ

अक्कांनी आमचा एकही गोल पाहिला नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव, जिथे जिथे आमचा मुलींचा हॉकी संघ गेला तिथे त्या सोबत आल्या. पण मैदानावर पोचलं की खुर्ची उलटी फिरवायच्या आणि पाठ आमच्याकडे, तोंड फाटकाकडे करून बसायच्या. गोल झाला की आम्ही ओरडत त्यांच्याकडे धावायचो. "अक्का, देखं का?" त्या मान न वळवता म्हणायच्या, "ऐकं ना मी. टाळ्या वाजन्यात."

हॉकीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. आम्ही सगळ्या त्यांच्याच हातची खिचडी खाऊन मोठ्या झालो. शाळेत नवे सर आले, त्यांनी मुलींच्या हातात स्टिका दिल्या, तोवर गावाने गंमत म्हणून पाहिलं. बाहेरगावी स्पर्धेला जायचं म्हटल्यावर मात्र सगळ्या आया आडव्या झाल्या. सर तरुण, त्यातून बिनलग्नाचे. बाईमाणूस सोबत असेल तरच पोरी जातील, असं ठरलं. "मी जास," अक्का म्हणाल्या, आणि विषय संपला.

फाटकाशी त्यांचं मोठं काम असायचं. त्या त्या गावातली टवाळ पोरं मुलींचा खेळ बघायला म्हणून येत. अक्का त्यांना लांबूनच हेरायच्या. "काय रे, तुनी बहीन खेळस का आठे? नही ना? मंग चाल, फूट." एकदा तर त्यांनी स्पर्धेच्या एका पंचालाच अडवून चौकशी केली होती. त्याने गळ्यातली शिट्टी दाखवली तेव्हा आत सोडला, आणि वर सांगितलं, "हळू वाजाड, पोरी दचकतस."

दुसरा नियम दशम्यांचा. निघताना प्रत्येक आई आपल्या मुलीच्या दशम्या फडक्यात बांधून अक्कांकडे द्यायची. खायला बसलं की अक्का जिचं तिला गाठोडं द्यायच्या. अदलाबदल चालायची नाही. माझ्या आईच्या दशम्या जाड असत, ज्योतीच्या आईच्या मऊसूत, तूप लावलेल्या. मी हात पुढे केला की अक्का हातावर चापटी मारायच्या. "तिनी मायनी तिनाकरता करेल शेतस."

ज्योती आमची कॅप्टन. मी गोलकीपर होते, त्यामुळे तिचा खेळ मला पाठीमागून दिसायचा. चेंडू तिच्या स्टिकेला चिकटल्यासारखा जायचा. आम्ही दोघी बारावीत होतो. त्या वर्षी तिच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता की विभागाच्या संघात निवड झाली तर धुळ्याला कॉलेज, नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. जळगावच्या स्पर्धेत रविवारच्या फायनलला निवड करणारे येणार होते. ज्योतीचं सगळं त्या एका सामन्यावर होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी आम्ही सेमीफायनल जिंकलो. गोल ज्योतीचा. संध्याकाळी नळावर मोजे धूत असताना ती अक्कांच्या मागेच लागली. "अक्का, उद्या एक डाव मनाकडे तोंड करीसन बस ना."

"आनि फाटक कोन देखी? तुना बाप?"

सगळ्या खिदळल्या. ज्योती हसली नाही. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं वं माय. बससू."

रविवारी सकाळी अक्कांनी खरंच खुर्ची मैदानाकडे वळवली. आम्ही अंग मोकळं करत होतो. तेवढ्यात त्यांच्या मागून आवाज आला, "राम राम, अक्का." ज्योतीचा मामा होता. मोटारसायकल फाटकाबाहेर लावून आला होता.

"बहीनले बरं नही शे. दवाखानामा लई गयात. ज्योतीले धाडा."

अक्का उठल्या. आधी त्यांनी त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं. सरांनी मोबाईल काढला. "एकदा घरी विचारून घेऊ," म्हणाले. अक्कांनी त्यांचा हात धरला. "सर, ठेवा तो फोन. सख्खा मामा शे. त्याना तोंडवर इचारशात का?"

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. आमच्याकडे मामाच्या शब्दाची अशी शहानिशा कुणी करत नाही. ज्योती स्टिक घट्ट धरून उभी होती. अक्कांनीच ती तिच्या हातातून काढून घेतली. "माय पहिली वं, खेळ नंतर. जाय." गडबडीत दशम्यांचं गाठोडं द्यायचं राहून गेलं.

फायनल आम्ही हरलो. मला तीन गोल गेले, आमचा एकही झाला नाही. अक्का शब्द दिल्याप्रमाणे सबंध वेळ मैदानाकडे तोंड करून बसल्या होत्या. सरांना त्यांनी एकदाच विचारलं, ज्योती कुठे उभी राहते? सरांनी बोटाने दाखवलं. मग त्या तिथेच बघत राहिल्या.

संध्याकाळी गावात आल्यावर अक्कांनी नेहमीसारखी एकेकीला तिच्या दारात पोचवली. ज्योतीच्या घरासमोर अनोळखी चपलांचा ढीग होता. ओट्यावर पोह्यांच्या बशा पडल्या होत्या. पाहुणे पसंती देऊन आत चहा पीत होते. ज्योतीची आई नवं लुगडं नेसून पदराला हात पुसत बाहेर आली.

"तू तं दवाखानामा व्हती ना वं?"

तिने खाली मान घातली. "अक्का, मी काय करू? मना भाऊनीच बठ्ठं ठराय." बघायला येणारे तालेवार होते, पुढची तारीख द्यायला तयार नव्हते, आणि निवड झाली असती तर ज्योतीने स्थळाला नाही म्हटलं असतं, हे मामाला पक्कं ठाऊक होतं.

अक्कांनी गाठोडं तिच्या हातात दिलं. "ह्या तश्याच शेतस. पोर उपाशी गयी," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

ज्योती लग्न होऊन रावेरला गेली. अक्का पुन्हा कुठल्याच संघासोबत गेल्या नाहीत, आणि त्या नाहीत म्हटल्यावर आयांनी मुली सोडल्या नाहीत. हॉकी संपली. मला एकदा म्हणाल्या, "परका बठ्ठा मी हाकली दिधात. घरना मानूस उना, त्याले पानी दिधं." त्या रविवारी फाटकाकडून तोंड फिरवून बसले म्हणून हे झालं, असंही त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला ते पटत नाही. तोंड फाटकाकडे असतं तरी त्यांनी मामाला लांबून ओळखलं असतं आणि पाणी जरा लवकर दिलं असतं, इतकंच.

त्या उन्हाळ्यात माझ्या घरीही लग्नाचं निघालं. अक्का येऊन आमच्या ओट्यावर बसल्या. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अक्का, घरात या." त्या म्हणाल्या, "पोरले कॉलेजमा धाडस का, ते पहिले सांग." दादांनी उडवाउडवी केली. अक्का उठल्या नाहीत. चहा आला, तो निवून गेला. शेवटी दादाच कंटाळून हो म्हणाले. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. नावापुढे बी.पी.एड. लावते आणि दिमाखात लावते. पण अक्का त्या दिवशी ज्योतीसाठी बसल्या होत्या. ज्योतीच्या दारात बसायची वेळ निघून गेली होती म्हणून त्या माझ्या दारात बसल्या.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. दहाव्याला ज्योती रावेरहून आली, मुलीला घेऊन. आम्ही बाजूला बसलो होतो. ती म्हणाली, "अक्का कधी बोलूच द्यायची नाही गं. मी दिसले की पहिलं विचारायची, जेवनी का? मला सांगायचं होतं की माझा तिच्यावर राग नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती मुलीची सुटलेली वेणी पुन्हा घालायला लागली. "होता ना थोडा," म्हणाली.

मी आता धुळ्याला शाळेत खेळ शिकवते. मुलींचा संघ घेऊन जळगावला त्याच मैदानावर जाते. कुणाचे वडील, कुणाचे काका मध्येच न्यायला येतात. मी त्यांना खुर्ची देते, पाणी देते, आणि त्यांच्यासमोरच मुलीच्या आईला फोन लावते. काहींना राग येतो. "मॅडम, आम्ही काय परके आहोत का?" नाही, परके नाहीत, मी म्हणते, आणि फोन कानालाच ठेवते.

गोल झाला की मुली ओरडत माझ्याकडे धावतात. "मॅडम, पाहिला का?"

"ऐकला," मी म्हणते. फाटकातून तेवढ्यात कुणाचा तरी मामा आत येत असतो.