अमडापूरला नेलेला जपानचा डबा

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा डबा माझ्या मांडीवर होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अमडापूरच्या ओसरीवर टेकेपर्यंत तो मांडीवरच राहिला. तान्ह्या पोरालाही कोणी एवढा वेळ सलग मांडीवर घेत नसेल.

डबा पुठ्ठ्याचा, लाल, वर पांढरी फुलं काढलेली. आत चोवीस प्रकारच्या पुड्या, सगळ्या जपानच्या. वैशूताई ऑफिसच्या कामाला तिकडे गेल्या होत्या, तिथून त्यांनी तो आई-वडिलांसाठी आणला. स्वतःला सुट्टी नाही, म्हणून न्यायचं काम माझ्यावर आलं. "नंदा, तुझं शेगावचं दर्शनही होईल," म्हणाल्या. मी सातवीनंतर शाळा सोडलेली, हर्णै बंदर सोडून एकटी पुण्यात आलेली बाई. कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा ताईंनी घरात काम दिलं आणि राहायला खोली दिली. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, त्यांचे वडील, म्हणजे आबा, चाळीस वर्षांपासून माळकरी. आजारपणानंतर त्यांची जेवणावरची वासना उडाली आहे, पण लेकीनं आणलेलं ते खातील. डबा पूर्ण शाकाहारी आहे, दुकानात दोनदा विचारून घेतलंय. दुसरी गोष्ट जरा हळू आवाजात सांगितली. "तिकडे मासळीचं काही बोलू नकोस. आईचं सोवळं फार नाही, पण उगाच तुला स्वयंपाकघरात अवघडल्यासारखं होईल." मी मान हलवली. पण हर्णैच्या बाईनं मासळीचं बोलायचं नाही, म्हणजे मग बोलायचं तरी काय?

गाडीत समोर अकोल्याची एक बाई होती. तिला त्या डब्यानं चैन पडेना.

"काय हाये वं त्यात? मूर्ती हाये का?"

"खाऊ आहे. जपानचा."

"मंग खाली ठेव ना. कोणी खाऊन राह्यलं का त्याले?"

खाली ठेवला तर कोणी पाय देईल, वर ठेवला तर कोणी बॅग टाकेल. मी तसाच धरून बसले आणि बसल्या बसल्या मान आखडून घेतली.

शेगावला सकाळी उतरले. स्टेशनाबाहेर कचोरीचा वास सुटला होता. एक घेतली, उभ्यानंच खाल्ली, आणि नको तेच झालं. कागदातून तेल गळलं आणि डब्याच्या फुलावर रुपयाएवढा डाग पडला. पदरानं पुसला तर तो चांगला बशीएवढा झाला. कचोरी चांगली असेलही. मला चव आठवत नाही, डाग तेवढा आठवतो.

मंदिरात स्वच्छता अशी की पाय टाकताना आपल्यालाच लाज वाटावी. सेवेकरी सगळ्यांना माउली म्हणतात. त्यातल्या एका पांढऱ्या टोपीवाल्यानं मला अडवलं.

"माउली, डब्यात काय हाये?"

"जपानचा खाऊ."

त्यानं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "सामान तिकडं ठेवा, टोकन घ्या, मंग या रांगेत."

तिकडे शेकडो पिशव्या ठेवलेल्या. टोकन हरवलं तर? अदलाबदल झाली तर? ताईंना काय तोंड दाखवू? मी बाहेरूनच कळसाला हात जोडले आणि एसटी स्टँड गाठला. हर्णैहून कोणी शेगावला आलं असेल नसेल, पण येऊन कळस बघून परत फिरलेली मी पहिलीच असेन.

शेगावहून खामगाव, खामगावहून चिखलीच्या गाडीनं अमडापूर. आपल्याकडे रस्ता वळला की डोंगर आडवा येतो नाहीतर पाणी. इथे कितीतरी वेळ काहीच आडवं येत नाही. सोयाबीन निघून गेलेलं, तूर कमरेएवढी, आणि मध्ये कापूस फुटून पांढरी झालेली शेतं. दिवाळी होऊन गेली तरी ऊन असं की खिडकीच्या दांडीला हात लागला की चटका बसायचा. कंडक्टर दोनदा म्हणाला, "मावशी, डब्बा वर ठेवा." तिसऱ्यांदा म्हणाला, "राहू द्या. त्याचं तिकीट काढलं असतं तं बरं झालं असतं."

अमडापूरला काकू रस्त्यावरच उभ्या होत्या. ताईंची आई. बुटक्या, झपाझप चालणाऱ्या. त्यांनी माझी पिशवी काढून घेतली. डबा मी दिला नाही. तो आबांच्या हातात द्यायचा होता. आबा ओसरीवर बसले होते. अंगात मांस नाही, गळ्यात काळी पडलेली तुळशीची माळ. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, डागावरून बोट फिरवलं.

"हे बी जपानचंच का?"

"नाही आबा. ते शेगावचं."

ते हसले. काकू मला मागाहून म्हणाल्या, दोन महिन्यांत हसले नव्हते.

रात्रीच्या भाकरी मी थापल्या. वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ठेचा आणि गंजभर (गंज म्हणजे पातेलं) वरण. मी दोन भाकरी खाल्ल्या. आबांनी चतकोर कुस्करून ठेवली. "तोंडाले चवच नाई राह्यली," म्हणाले. डबा उद्या अकरा वाजता उघडायचा असं ठरलं. उद्या रविवार, ताई व्हिडिओवर बघणार होत्या.

खरा घोळ सकाळी झाला. आंघोळीला जाताना मी काकूंना म्हटलं, "मी आले की एकेक पुडी उघडू." त्या "हाव हाव" म्हणाल्या. इथल्या 'हाव'चा अर्थ हो असा आहे, पण 'ऐकलं' असा नाही, हे मला नंतर समजलं. केस पुसत मी परसातून आत आले आणि दारातच थबकले. घरात सुक्या जवळ्याचा (वाळवलेल्या बारीक कोळंबीचा) वास भरला होता. क्षणभर वाटलं, आईनं चुलीवर तवा ठेवलाय.

देवघरापुढे काकू बसल्या होत्या. समोर ही मोठी पितळी परात. चोवीसच्या चोवीस पुड्या फोडून त्यांनी परातीत ओतल्या होत्या आणि दोन्ही हातांनी खालीवर करून कालवत होत्या. तांदळाचे कुरकुरीत तुकडे, हिरवे वाटाणे, गुलाबी पापड्या, तपकिरी काड्या, चांदण्यांसारख्या साखरेच्या गोळ्या, आणि सगळ्याला चिकटलेले मऊ पांढरे गोळे. वर तुळशीचं पान. महाराजांच्या फोटोला दाखवूनही झालं होतं. पुड्यांत निघालेल्या ओल शोषायच्या पांढऱ्या पाकिटांची त्यांनी वेगळी रास केली होती, "मिठाच्या पुड्या" म्हणून. कोणी खाऊ नयेत म्हणून त्या सगळ्यात आधी उचलून मी कनवटीला लावल्या.

"काकू, हे काय केलंत?"

"काऊन? परसाद हाये. गल्लीत वाटा लागन ना. आमच्या इथं परसाद अल्लग-अल्लग नाई वाटत बाई. एकाले गोड आन एकाले तिखट गेलं, तं वर्षभर आयकाव लागते."

म्हणजे बाहेरगावाहून काही आलं की आधी देवापुढे, मग एका परातीत, मग घरोघर सारखा वाटा. चोवीस देशांचा खाऊ आला असता तरी परात एकच. मी तो डबा एवढ्या लांबून अंड्यासारखा जपून आणला होता. चिडावं कोणावर? त्यांनी मनापासून केलं होतं.

शेजारच्या इंदूबाई वाटी घेऊन आल्यासुद्धा. "जपानचा चिवडा आला म्हणे?" त्यांनी तोंडात टाकायला उचललेली गुलाबी पापडी मी हातातून काढून घेतली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तेवढ्यात आबा आत आले. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. परातीसमोर बसून त्यांनी हात पुढे केला. "वैशूनं आणलं. आज मी पोटभर खाईन."

त्यांच्या बोटांत तपकिरी काडी होती. मला लांबूनच कळलं, ती सुक्या माशाच्या भुकटीत घोळलेली आहे. कळणार नाही कसं? लहानपणी मी त्याच वासात झोपत होते. बोलावं तर ताईंचा शब्द मोडतो, लेक आईबापांपुढे खोटी पडते, आणि काल ज्या चुलीवर भाकरी थापल्या तिथून मला उठावं लागेल. न बोलावं तर चाळीस वर्षं सांभाळलेली माळ माझ्या डोळ्यांसमोर बाटते, तीही मी मांडीवर घेऊन आलेल्या डब्यानं.

"आबा, थांबा. त्यात मासळी आहे."

काकूंचा हात परातीत होता तिथेच राहिला.

"वैशू म्हणे, इचारून आणलं," आबा म्हणाले.

"ताईंनी विचारलंच होतं. दुकानवाल्याला कळलं नसेल, नाहीतर त्यांच्याकडे एवढीशी भुकटी धरतच नसतील. पण आहे."

"तुले कसं समजलं?"

"मी हर्णै बंदरावरची आहे. आमच्या घरात मासळी वाळवायचं काम. वासावरून कुठली ते पण सांगेन."

"खातं का तू?"

"खाते."

"रोज?"

"मिळाली तर रोज."

इंदूबाईंनी वाटी पदराखाली घेतली. आबांनी काडी परातीच्या काठावर ठेवली, हात धुतला, पुन्हा येऊन बसले. काकू रडवेल्या झाल्या होत्या, माझ्यामुळे नव्हे.

"देवाले दाखोलं ना वं मी."

"तुले मालूम होतं का?" आबांनी विचारलं.

"नाई."

"मंग त्याले मालूम हाये, तुले मालूम नव्हतं ते. रडू नोको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तूच निवड बाई. एवढ्या घरात कामाचं नाक तुलेच हाये."

"पण आबा, मी काल चुलीपाशी..."

काकूंनीच मला मध्ये अडवलं. "तं काय झालं? भाकर माह्यापेक्षा पातळ थापते. बस खाली, निवड लवकर, अकरा वाजून राह्यले."

मी परातीसमोर बसले आणि निवडायला लागले. तुम्हाला सांगते, जाळ्यातून बारीक मासळी निवडणं परवडलं. सगळ्यांचा वास सगळ्यांना लागलेला, मऊ गोळ्यांना काड्या चिकटलेल्या. एकेक तुकडा नाकाशी धरायचा, पुसायचा, शंका आली तर बाजूला टाकायचा. मला शिंका येत होत्या. इंदूबाईंनी गल्लीत जाऊन काय सांगितलं देव जाणे, दारात आणखी चार वाट्या आल्या, आणि प्रत्येक जण विचारायचा, "ताई, हे चालते का?" एकजण म्हणे, "मले सगळंच चालते, तुमी उगाच वास नोका घेऊ." त्याला इंदूबाईंनीच गप्प केलं, "परसाद हाये बे, हाटेल नाई."

शेवटी हाताशी चांदण्या, वाटाणे आणि हिरव्या पापड्या उरल्या.

"हे हिरवं काय?" काकूंनी विचारलं.

"समुद्रातलं शेवाळ."

"पाला हाये म्हंजे. पाल्याले काय होते," आबा म्हणाले.

तो हिरवा वाटाणा मी आधी स्वतः खाल्ला. त्याचं तिखट घशात लागत नाही, थेट नाकातून मेंदूत जातं. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. आबांना म्हटलं, हा नको. त्यांनी मुद्दाम चार घेतले. डोळे मिटले, मान मागे टाकली. आम्ही घाबरून बघतोय, तर म्हणतात कसे, "लागली. चव लागली." आणि आणखी मागितले. ताईंचा फोन आला तेव्हा आबा वाटाणे खात होते आणि रडत होते. पलीकडे ताईपण रडायला लागल्या. त्यांना वाटलं, लेकीच्या आठवणीनं. कोणी काही सांगितलं नाही.

दुपारी त्याच वाटाण्यांबरोबर त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

निघताना काकूंनी मासळीचे तुकडे स्टीलच्या डब्यात भरून दिले. "तुह्यासाठी. टाकून द्याले जीव होत नाई, पोरीनं एवढ्या दुरून आणलं. पण तिले सांगू नोको हां, जीवाले लावून घीन." मग ठेच्याची बाटली दिली, आणि गाडी येईपर्यंत रस्त्यावर माझा हात धरून उभ्या राहिल्या.

शेगावला तोच पांढऱ्या टोपीवाला भेटला. "माउली, आता काय हाये डब्यात?"

"आमच्याकडचा खाऊ."

या खेपेला मी सगळं सामान ठेवलं, टोकन घेतलं आणि रांगेत उभी राहिले. दर्शन होईपर्यंत एकदाही डबा आठवला नाही.

परतीच्या गाडीत तो उघडला. गुलाबी पापडीत जवळा होता, आपलाच. पण त्यात त्यांनी साखर घातलेली. जवळ्यात साखर कोण घालतं? तरी मी सगळ्या खाल्ल्या, सावकाश, पुणे येईपर्यंत पुरवून. घर सोडून एवढी वर्षं झाली, आणि आईच्या तव्याचा वास मला गाठायला जपानहून अमडापूरमार्गे आला.

ताईंनी विचारलं, "सगळं खाल्लं ना त्यांनी?" मी म्हटलं, "वाटाणे फार आवडले." काकूंना दिलेला शब्द मी आठ दिवस पोटात ठेवला, आणि शब्द पोटात ठेवणं मला किती जड जातं ते माझं मला माहीत. पुढच्या रविवारी ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. मी भांडी घासत होते. आबा खणखणीत आवाजात म्हणाले, "वैशू, ते वाटाणे आणखी धाड. आन आता काही बी घेशील, तं आधी नंदाच्या नाकाखालून काढ. मांगच्या खेपेले आमी वाचलो."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "अवं, सांगू नोका म्हटलं होतं ना."

ताईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी नळ बंद केला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. आता पहिल्यापासून सांगणं आलं.