बारला लागलेला हात

आमच्या आसगावात धानाचा भारा डोक्यावर घेऊन कुणी खळ्यावर पोचलं, की जवळ असेल त्यानं पुढं होऊन तो उतरवायला हात लावायचा. नुसतं बघत बसणाऱ्याला आमच्याकडे माणूस म्हणत नाहीत.

जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेला आई पहिल्यांदाच आली होती. माझा स्क्वॉटचा शेवटचा प्रयत्न. खांद्यांवर वजनांचा बार घेऊन मी खाली बसले. उठताना मांड्या थरथरल्या, तशी आई खुर्चीवरून धावत आली आणि तिनं बार धरला. दुसऱ्याचा हात लागला की तो प्रयत्न बाद होतो. माझा झाला. त्या वजनासाठी मी दोन वर्षं घाम गाळला होता.

"काहून आली व माय इथं?" सगळ्यांदेखत मी ओरडले. परतताना बसमध्ये पवनी येईपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसले. उतरताना ती हळूच म्हणाली, "मले काय मालूम, तो भारा तुले पायजे होता म्हणून!"

आता ती प्रत्येक स्पर्धेला येते. माझं नाव पुकारलं की दोन्ही तळहात स्वतःच्या मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसते, आणि मी बार ठेवेपर्यंत काढत नाही.