आठशे वेढे

माझ्या हाताला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. अकोल्यात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं असलं तरी तार गुंडाळते मी, गेली सव्वीस वर्षं. एकदा त्याने गिऱ्हाइकासमोर "हा वेढा जरा ढिला वाटते" एवढंच म्हटलं, तर मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणा, मी ऐकून घेईन. कॉइलबद्दल नाही. हा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

माझी लेक अमरावतीला शिकायला गेली आणि तिथेच राहिली. तिथल्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर खेळांचा हॉल आहे आणि त्याच्या कोपऱ्यात एक जुनं पिनबॉलचं मशीन धूळ खात पडलं होतं. पिनबॉल म्हणजे काचेखाली एक उतरतं टेबल, त्यावरून घरंगळणारी पोलादी गोळी, आणि बटण दाबलं की तिला फटका मारून परत वर धाडणारे दोन छोटे हात. त्या हातांना फ्लिपर म्हणतात. गोळी दोन हातांच्या मधून खाली गेली की डाव संपला. सुटे भाग परदेशातून यायचे, तेही महिन्या-दोन महिन्यांनी. हिने वाट पाहिली नाही. सायकलच्या ट्यूबमधून रबरी कड्या कापल्या, शिलाई मशीनच्या स्प्रिंगा बसवल्या आणि ते मशीन चालू करून दाखवलं.

तेवढ्यावर थांबली असती तर माझी लेक कसली! तिने स्वतःचंच मशीन करायला घेतलं. दोन वर्षं त्यात घातली. धारणीला जाताना जीप जशी वळणं घेत चढते, तसा टेबलावर एक घाट. डाव्या फ्लिपरने गोळी नेमक्या जोरात मारली तर ती घाट चढते. जोर कमी पडला तर अर्ध्यातून परत येते, जास्त झाला तर वळणावरून उडून काचेवर आपटते. वरच्या वळणावर टेबलाखालचं लोहचुंबक गोळीला क्षणभर धरून ठेवतं आणि तेवढ्या वेळात खेळणाऱ्याने ठरवायचं, तिला जंगलाकडे सोडायची की गावाकडे. "सगळ्या मशीनमंधी गोळी पळते, आई," ती म्हणायची. "माह्या मशीनमंधी ते थांबते."

हॉलच्या मालकाने एक रविवार दिला. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, येईल त्याने खेळायचं. मशीन टिकलं तर त्याला दाराजवळची जागा, आणि मालकाच्या अकोल्याच्या हॉलसाठी दुसरं करायचं. नाही टिकलं तर विषय संपला. पुण्याच्या एका नोकरीचं पत्र लेकीकडे आलेलं होतं आणि सोमवारी तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. मशीन बंद पडलं तर ती हो म्हणणार होती. मला ते बोलून दाखवलं नव्हतं, पण आईला कळायला बोलून दाखवावं लागत नाही.

फ्लिपरच्या पोटात कॉइल असते. तिच्यातून करंट गेला की लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि फ्लिपर फटका मारतो. चार कॉइल मी गुंडाळल्या होत्या. दोन तिने बुधवारी कुरिअरने मागवून बसवल्या, दोन जादा म्हणून मी पिशवीत घालून रविवारी पहाटेची बस धरली. मूर्तिजापूरला बस चहासाठी थांबली तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा प्यायला उतरलेच नाही.

अकराला खेळ सुरू झाला. कॉलेजची पोरंपोरी, लेकरांना घेऊन आलेली कुटुंबं, सगळ्यांची घाट चढवायची चढाओढ. लेक मात्र एकदाही हसली नाही. लॅपटॉप मशीनला जोडून ठेवला होता आणि दर पाच मिनिटांनी ती खाली वाकून लाकडाला हात लावून बघत होती. मी म्हटलं, "कावून इतकी घाबरून राहिली? चांगलं चालून राहिलं ना." ती पुन्हा खाली वाकली.

पाऊण वाजता मला वास आला. तापलेल्या कॉइलवरच्या वार्निशचा हा वास मी झोपेतही ओळखीन. मी उठेपर्यंत डावा फ्लिपर वर जाऊन तसाच अडकला आणि गोळी सरळ खाली गेली. खेळणारी मुलगी बटण दाबतच राहिली.

मालक आला. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. घड्याळ बघून म्हणाला, "आर्धा तास देतो. रिपेरी तं कोन्त्याई मशीनची निंगते. पण दुसऱ्यांदा बंद पडलं तं मंग नाई." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, पोरगी हुशार हाये. पण डिझाइनच चुकलं असन."

लेकीने काच काढली, टेबल उचलून टेकवलं. जळालेली कॉइल बाहेर आली, तिचं प्लास्टिक फुगलं होतं. मी पिशवीतली नवी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि नुसती धरून उभी राहिली.

"लाव ना," मी खेकसले. "लावते," ती म्हणाली, आणि तरी लावेना.

टेबलाच्या आतल्या बाजूला तिने स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता. डावा फ्लिपर, आठशे वेढे. तो मी दोनदा वाचला.

आमच्याकडच्या मोटरी शेतावर चालतात. पातूरकडच्या एखाद्या शेतात लाइनच्या टोकाला व्होल्टेज इतकं कमी येतं की पुस्तकाप्रमाणे गुंडाळलेली मोटर नुसती गुरगुरते, पाणी ओढत नाही. म्हणून आमचा रिवाज आहे, आठामागे एक वेढा कमी. मग ती कमी व्होल्टेजवरही उठते. सव्वीस वर्षं हेच केलं. हाताला इतकी सवय की कागदावर आठशे असले तरी हात सातशेवर थांबतो, मला विचारत नाही. पण इथे शेत नव्हतं. हिच्या मशीनमध्ये बरोबर मोजून, न ढळता व्होल्टेज देणारा डबा होता. तिथे शंभर वेढे कमी म्हणजे कॉइल जास्त करंट ओढणार, तापणार आणि जळणार. पिशवीतल्या दोन्हीही तशाच होत्या.

मी गप्प राहू शकले असते. डिझाइन चुकलं असं मालक स्वतःच म्हणाला होता, आणि माझ्याकडे बोट दाखवणारं तिथे कोणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, दोन श्वास मी गप्प राहिलेही. मग लेकीचा चेहरा बघितला.

"डिझाइन नाई चुकलं," मी मालकाला म्हटलं. "कॉइल मी गुंडायली. शंभर वेढे कमी हायेत."

पूर्ण कॉइल नव्याने गुंडाळायला वेळ नव्हता आणि दुकानातलं यंत्रही नव्हतं. पण कमी आहेत तेवढे वाढवता आले असते. एका जादा कॉइलची तार मी उलगडली. दुसरीच्या टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडलं, लेकीने सोल्डरचा डाग दिला, जोडावर स्लीव्हची नळी चढवली. वीस मिनिटं उरली होती. मी खुर्चीवर बसून हाताने गुंडाळायला लागले आणि ती मोठ्याने मोजायला लागली. एक वेढा दुसऱ्यावर चढला असता तर कॉइल फुगून जागेवर बसली नसती. भोवती माणसं जमली होती. माझी बोटं घामाने निसटत होती, मी ती साडीला पुसत होते.

चाळिसाव्या वेढ्याला मला आठवलं. "अन उजवा? तोई सातशेचाच हाये."

"एकेचाळीस. उजव्याचा जोर मी लॅपटॉपवरून कमी केला हाये. बुधवारीच. बेचाळीस."

"बुधवारी?"

"त्रेचाळीस. डाव्याचाई केला होता. पण मंग गोळी घाट चढेना, म्हणून सकाळी वाढवला. चव्वेचाळीस."

म्हणजे कॉइल हातात आली त्याच दिवशी हिने मीटर लावून बघितलं होतं; वेढे कमी असले की तारेचा रोधही कमी भरतो. हिला ठाऊक होतं. संताप असा डोक्यात गेला की तार तुटते की काय असं झालं. पण मोजणी चालू होती, आणि बोलले असते तर आकडा चुकला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी राग गिळून हात चालू ठेवला. शंभर म्हणून तिने तार कापली.

कॉइल बसली. तीन मिनिटं बाकी असताना काच परत लागली. त्यानंतरचे पावणेसहा तास मी मशीनशेजारी उभी होते, नाक त्या वासाकडे लावून. डावा फ्लिपर फटका मारायचा आणि दर फटक्याला मी दचकायचे. उजवा तापत होता, पण बोट ठेवता येईल एवढाच. वास आला नाही. सात वाजता मालकाने घड्याळ बघितलं आणि लेकीला म्हणाला, "अकोल्याचं कदी देशीन?" ती जमिनीवर बसली आणि रडली.

मी तिला बसस्टँडवर विचारलं. दिवसभर साठवून ठेवलं होतं. "तुले बुधवारीच कळलं होतं. एक फोन नाई करता आला? दोन वर्षं घातली तू त्याच्यात. मशीन जळालं असतं तं?"

ती बसच्या पाटीकडे बघत म्हणाली, "सांगितलं असतं तं तू रविवारी आली नसती, आई. बाबाशी आठ दिवस बोलली नोतीस."

ती खरं बोलत होती. मी आले नसते.

अकोल्याच्या मशीनच्या कॉइल गेल्या आठवड्यात गुंडाळल्या. सातशेवर हात थांबला, तो मी पुढे ढकलला. झाल्यावर पहिली कॉइल नवऱ्यापुढे धरली आणि म्हटलं, "मोजून पाहा."

"बराबरच असन," तो म्हणाला. त्याने कॉइलकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आत गेले आणि मीटर आणून त्याच्या हातात दिला.