बांधापलीकडचा तात्या

भिकूतात्या दरवर्षी पावसाआधी कुदळ घेऊन आपल्या बाजूने सामाईक बांध वीतभर कोरायचा. हटकलं तर माझ्या आईला म्हणायचा, "बांध काय तुज्या सासऱ्यासंगं जन्माला आला?" वडील मुंबईला, त्यामुळे ऐकून घ्यायला आईच. मला हा माणूस कधी आवडला नाही. मेला म्हणून आज त्याच्याबद्दल गोड बोलणार नाही.

आमच्या जवळच्या लोटे गावात कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. लावणी नुकतीच आटोपली होती. पऱ्याला, म्हणजे शेताजवळच्या ओढ्याला, पूर आला, आणि वरच्या अंगाला असलेल्या तात्याच्या शेतातलं पाणी तो कोरलेला बांध फोडून आमच्या शेतात घुसलं. त्याचं भात वाचलं. आमचं गाळाखाली गेलं, एक कोपरा तेवढा हिरवा राहिला.

आमच्याकडे लावणीतून उरलेली रोपं, म्हणजे आवण, बांधावर ठेवतात. ज्याला कमी पडेल त्याने न विचारता न्यावं. तात्याने आपलं आवण उचलून गोठ्यात नेलं. आई मागायला गेली.

"वर्साचं भात गेलं, तात्यानू. थोडं तरी द्या."

"गुरांना घालीन, पन तुला देनार नाय. आज आवण मागतेस, उद्या बांध मागशील."

मग आईने त्या हिरव्या कोपऱ्यातली रोपं उपटली, एकेका जुडीचे फुटवे सुटे केले आणि कंबर मोडेस्तोवर पुन्हा लावणी केली. जेमतेम अर्धं शेत भरलं. शिमग्यानंतर आम्ही रेशनचा तांदूळ खाल्ला.

त्यानंतर आई दरवर्षी मुद्दाम जास्तीचं आवण करायची आणि बांधावर न ठेवता पडवीत रचायची. "कदीतरी लागंल त्याला. तवा नाय म्हनायचंय मला." वाडी हसायची. मी हसले नाही.

काही वर्षांनी पऱ्याने वळण बदललं आणि तात्याचं शेत खरवडून नेलं. इरलं डोक्यावर तसंच ठेवून तो आमच्या अंगणात उभा राहिला. "पिवळं पडाय लागलं तुजं आवण."

"गुरांना घालनार हाय," आई म्हणाली.

तात्या चक्क हसला. "बरं झालं गो. मला वाटलं, देतेस की काय. मग मरंस्तोवर तुज्यापुढं मान खाली घालाया लागली असती."

ताठ मानेने गेला. शेत ओसाड ठेवलं, आणि पुढच्या पावसाआधी वारला.

बातमी कळली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मेल्यानं नाय म्हनायचं सुख पन दिलं नाय."