गाळणीतला पाणभुंगा

वानखडे मॅडमच्या पर्समध्ये चहाची गाळणी असायची. चहाशी तिचा काहीएक संबंध नव्हता. डबकं दिसलं की मॅडम साडी खोचून बसत, गाळणी बुडवत आणि काळा, चकचकीत पाणभुंगा वर काढून सोबतच्याला म्हणत, "हात कर पुढं."

कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर आमच्या गावात, रोहण्यातच राहिल्या. गावतलावाचे चारही काठ सिमेंटने बांधायचं ठरलं तेव्हा मी पेटून पत्रक लिहिलं, 'दयाळ वाचवा! तलाव वाचवा!' वर गाणाऱ्या दयाळाचं चित्र.

मॅडमनी चष्मा काढला. "पाखरूच काऊन?"

"लोकांना गाणं आवडतं, मॅडम."

"म्हणजे गळा असीन त्यालेच न्याय? अन् तू स्वतःले समतावाला म्हणतो!" मग तास सुरू झाला. "दोघंही प्राणी. वर्गीकरणाच्या पुढच्याच पायरीवर वाटा फुटल्या. दयाळाले कणा, भुंग्याले सहा पाय. पाठीवरचं कवच म्हणजे त्याचे पुढचे पंखच. उडाचे पंख त्याखाली घडी करून ठेवते. उडते दोघंही. पण पाखराच्या मागं पक्षिमित्र हायेत. याले लोकं झुरळ म्हणते!"

पत्रक मी तसंच वाटलं. ग्रामसभेत सरपंच हसून म्हणाले, "काठावरच्या झाडाले हात नाई लावत. झालं न तुमचं पाखरू?" माझी सगळी घोषणाबाजी तिथेच संपली.

मॅडम उठल्या. "एक काठ कच्चा ठेवा. भुंग्याची अळी पाण्यात वाढते, पण भुंगा व्हाले काठाच्या ओल्या मातीत शिरते. सिमेंटात शिरून दाखवता काय, भाऊ?"

सभा खिदळली. "किड्यासाठी काम अडवता काय वो?"

तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "माह्या म्हशी घसरतीन न सिमेंटावरून!" सगळे म्हैसवाले उठले, आणि पूर्वेचा काठ कच्चा राहिला.

मी धुमसत होतो. "हा म्हशींचा विजय आहे, मॅडम. तत्त्वाचा नाही."

"भुंग्याले विचारून येजो," त्या म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. गाळणी त्यांच्या मुलीने मला दिली. शोकसभेच्या पत्रकावर मी पाणभुंगा काढला. पानठेल्यावर सरपंच भडकले, "काऊन बे, मॅडमच्या नावावर झुरळ छापलं?"

"चाला," म्हटलं, आणि त्यांना पूर्वेच्या काठावर नेलं. गाळणी बुडवली. "हात करा पुढं."

"चावत नाई न?" असं विचारत सरपंचांनी हात पुढे केला.