कंप्युटरने पळवलेला तांदूळ

कारखाना सुटला, किस्से काही सुटत नाहीत. वाणगाव स्टेशनात जुना गडी भेटला की एक आठवतो, त्याच्या मागनं चार येतात. ऐकायचं तर ऐका, नाहीतर जा घरी!

बोईसरच्या आमच्या केमिकल कारखान्यात कंप्युटर आला नव्वदच्या आसपास. त्याला एसी! आम्हाला पंखासुद्धा नाही. मी चौथी नापास, त्या खोलीच्या दाराशी शिपाई. दिवसभर एकच ओरडायचं, "चपला बाहेर!" एकदा बडे साहेब बूट काढून आत गेले, तर मोज्यातनं अंगठा बाहेर. तेव्हापासून साहेब कंप्युटरचं सगळं फोनवरच विचारायचे!

*

दसऱ्याला आम्ही कंप्युटरला झेंडूचा हार घातला. नारळ फोडणार, तेवढ्यात प्रोग्राम लिहिणाऱ्या नाईकबाई किंचाळल्या, "पाणी उडालं तर मला घरी बसवतील!"

कॅन्टीनचा आचारी भास्कर म्हणाला, "मंग द्या हिकडं, मी भाईर फोडून खातो." खायला तो कधी लाजला नाही.

*

आणि एक दिवस कंप्युटर म्हणाला, कॅन्टीनच्या तांदळाची पोती कमी! साहेबांनी भास्करला गेटबाहेर काढला. "कंप्युटर खोटं बोलत नाही!"

भास्कर माझ्याकडे येऊन बसला. "दादा, साहेबाचं सोड. दातिवऱ्याला माझी बायको इचारते, पोती ठेवली कुठं?"

*

नाईकबाई जेवणाचा डबा न उघडता शोधत बसल्या. सापडलं ते असं. गोदामाच्या प्रोग्रामात 'शिल्लक', कॅन्टीनच्याही प्रोग्रामात 'शिल्लक'. दोन्ही जोडणारा प्रोग्राम बाईंचाच, तो 'शिल्लक' कुठल्या खात्याची ते नावच गिळायचा. गोदामातनं ॲसिड गेलं की वजा व्हायचं तांदळातनं!

मी खेकसलो, "आमच्या गावात नुसता 'जनार्दन' म्हणून हाक मारली तर चार घरांतनं ओ येते. कुणाचा जनार्दन ते नको सांगायला?"

"मी सांगते हो काका, हा मेला ऐकत नाही!"

शेवटी बाईंनी त्याला ऐकायला लावलं. तांदूळ जागच्या जागी आला. बाई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चोरी नाही, सर. चूक माझी."

साहेब एवढंच म्हणाले, "भास्करला बोलवा."

*

भास्कर आला त्या दुपारी साहेब पहिल्यांदाच कॅन्टीनमध्ये, आमच्या बाकावर येऊन बसले. माफी मागायची असावी, तोंडातनं निघेना. ताट पुढे केलं. "भास्कर, थोडा भात वाढ."

भास्कर टोपाशी तसाच उभा. "भात संपला, साहेब."



साहेबांनी वाकून टोपात पाहिलं. भातानं भरलेला. वाफ चष्म्यावर आली.

"बरोबर आहे. संपलाय," म्हणाले, आणि नुसती आमटी प्यायले!